चंद्रभागाबाईंचा शेकडा

चंद्रभागाबाईंना त्या गाण्यातून काय काय मिळणार होतं, ते मी एका कोऱ्या हिशोबपट्टीच्या पाठीवर मांडून ठेवलं होतं. हडपसरच्या मॉलमधल्या कार्यक्रमाचे पन्नास हजार, त्यातले दहा आगाऊ. मसाल्याच्या कंपनीकडून वर्षभराचं तिखट आणि हळद. एक मोबाईल, काचेला तडा न गेलेला. वर्तमानपत्रात दोनदा फोटो, त्यातला एक रंगीत. शिवाय त्यांच्या मुलाला, धम्मदीपला, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खिडकीजवळची खुर्ची, कारण अभ्यासिकेचा मालक बाईंचा चाहता निघाला.

जमेची बाजू भरल्यावर मी नावेच्या बाजूकडे वळलो. या बाईंचं जाणार काय? पेन धरून बसलो, काही सुचेना. रकाना कोरा सोडला. आडतीच्या गाळ्यावर पंचवीस वर्षं दिवाणजी असलेल्या माणसानं कोरा रकाना सोडू नये. पण मीही त्या दिवसांत गाणं गुणगुणत होतो.

मार्केट यार्डात पालेभाजी वजनावर जात नाही, जुडीवर जाते आणि भाव निघतो शेकड्याचा. शंभर जुड्या मोजायच्या म्हणजे पाच-पाच उचलायच्या, उजव्या हातात तीन, डाव्या हातात दोन. याला पाचुंदा म्हणतात. वीस पाचुंदे टाकले की शेकडा झाला. ऐकायला सोपं आहे. करताना शेजारच्या गाळ्यावर लिलाव चाललेला असतो, मागून हमाल खेकसत असतो, पुढून गिऱ्हाईक भावावरून नवऱ्याचं भांडण आपल्याशी भांडत असतं. अशात हा चौदावा की पंधरावा, हे ज्याला छातीठोक सांगता येतं तो मोजणारा. बाकीचे अंदाज करणारे.

चंद्रभागाबाई इंगोले मोजणाऱ्या होत्या. वाशीम जिल्ह्यातून नवऱ्याबरोबर आल्या, नवरा चार वर्षांत गेला, बाई आमचे मालक हिंमतराव यांच्या गाळ्यावर राहिल्या. बावीस वर्षं. त्यांनी मोजणी ओवीत बांधली होती. एक पाचुंदा, एक ओवी. आकडा चुकला तर ओवी अडते आणि ओवी अडली की हात थांबतो. मापाच्या जुन्या रीतीनं त्या 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत.

लाभाची व पयली, काळ्या मातीच्या पोटाले
दुसरी माही ओवी, पानी देनाऱ्या पाटाले
तिसरी माही ओवी, खुरपनाऱ्या बोटाले
चवथी माही ओवी, भाकरीच्या काठाले

असं करत एकोणिसाव्या ओवीला त्या तराजूच्या काट्यापर्यंत यायच्या आणि विसावी म्हणायच्या:

विसावी माही ओवी, भीमराया माह्या बापाले
शेकडा झाला पुरा, डाग नाही मापाले

विसाव्या ओवीला मी पेन उचलायचो आणि 'एक शेकडा' लिहायचो. बावीस वर्षांत ती ओवी किती हजार वेळा ऐकली असेन. ऐकली असं आपलं म्हणायचं. मी फक्त पेन उचलत होतो.

गळा म्हणाल तर बरा. वरच्या पट्टीत थोडा फाटायचा. पण भाजीवाल्या बायका भाव विचारायच्या आधी विचारायच्या, "शेकडा चंद्रभागाबाईंचा ना?" हो म्हटलं की न मोजता पाटीत भरायच्या. साऱ्या यार्डात दुसऱ्याच्या शेकड्याला हे भाग्य नव्हतं. बाईंची इस्टेट म्हणून जे काही होतं, ते एवढंच.

मोबाईलचा डेटा बिसलेरीपेक्षा स्वस्त झाला, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी अभिनव आला. हडपसरच्या आयटी पार्कात नोकरी, मनातून संगीतकार. सोसायटीच्या चाळीस घरांची भाजी ठोक घ्यायला आला होता. त्यानं बाईंचा एक शेकडा मोबाईलवर घेतला आणि दुपारी ॲपवर टाकला. बुधवारपर्यंत तो चाळीस लाख लोकांनी पाहिला. मला चाळीस लाख हा आकडा लिहिता येतो, पण एवढे लोक कोथिंबीर मोजताना बघत बसतात, हे पटायला वेळ लागला.

हिंमतरावांना वेळ लागला नाही. गुरुवारी गाळ्यावर फ्लेक्स चढला. त्यात बाईंचा फोटो होता, आणि त्याहून दुप्पट मोठा हिंमतरावांचा.

"मालक, तुम्ही काहून इतले मोठे?" बाईंनी विचारलं.

"अगं, तुला जग वळखतंय. मला वळखत न्हाय, म्हणून मोठा लावला," हिंमतराव म्हणाले. हे मात्र त्यांनी खरं सांगितलं.

मग अभिनवनं बाईंना सदाशिव पेठेत, गाण्यासाठी भाड्यानं घेतलेल्या खोलीवर नेलं. खोलीला अंड्यांचे ट्रे ठोकून त्यानं स्टुडिओ केला होता. हिशोबाला माणूस हवा म्हणून मीही गेलो. कानाला हेडफोन लावून, माईकसमोर उभं करून तो म्हणाला, "काकू, जस्ट गा. मस्त रिलॅक्स होऊन."

बाई सातव्या ओवीवर अडल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सातव्यावर अडल्या.

"हात रिकामे हायेत बाप्पा," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं मले काय याद येते?"

शेवटी मंडईतून शंभर जुड्या आणल्या. बाईंनी त्या खोलीत मोजल्या, एका दमात वीस ओव्या झाल्या. आम्ही खाली उतरलो तोवर जिन्यात पाटी लागलेली होती: 'जिना पायी चढण्यासाठी आहे. कोथिंबीर पेरण्यासाठी नाही.'

आठ दिवसांनी गाणं आलं. खर्च मसाल्याच्या कंपनीचा, आणि मॉलचा कार्यक्रमही तिचाच. खाली ढोलकी, मागे ते इलेक्ट्रिक धडधड, मध्ये बाईंचा आवाज. एक मिनिटाच्या आत सगळं. दहीहंडी नव्हती, गणपती नव्हते, तरी रिक्षातून, जिममधून, लग्नाच्या वरातीतून कोथिंबीर मोजली जाऊ लागली. कॉलेजच्या मुली हातात तीन-दोन पेनं धरून नाचायच्या. बाईंच्या मोबाईलची काच फुटलेली, त्यावर ॲप उघडेना, त्यामुळे त्यांनी ते गाणं कानावर आलं तेवढंच ऐकलं. धडधडीच्या वर त्यांना स्वतःचा आवाज दोनदा ओळखू आला, असं म्हणाल्या.

त्यांना सत्काराला न्यायला गाड्या यायला लागल्या. अकरा दिवस त्या गाळ्यावर नव्हत्या. त्यांच्या जागी बजरंग मोजणीला बसला. हा आमचा जुना हमाल, पाठ गेली म्हणून बसून करायचं काम हवं होतं. माणूस प्रामाणिक, पण आकड्याशी सख्य नाही. त्यानं युक्ती काढली. मोबाईल पाटीवर उभा केला, गाणं लावलं, आणि बाईंच्या आवाजावर पाचुंदे टाकायला लागला. ओवी संपली की पाचुंदा, गाणं संपलं की शेकडा.

"काय हाय दिवाणजी, आता चुकायचा सवालच न्हाय," तो मला म्हणाला. "मोजती तीच, हात फकस्त माझे."

आता माझं सांगतो. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याच्या चिठ्ठीवर साडेनऊशे जुड्या लिहिलेल्या होत्या आणि बजरंगच्या मोजणीत हजार भरल्या. मी शेतकऱ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, बायकोनं जुड्या जास्त बांधल्या. घरी जाऊन कौतुक करावं लागणार, या काळजीत तो होता. मी हजार लिहिले. आकडा कमी आला असता तर मी चौकशी केली असती. जास्त आला, मग कशाला विचारा?

बाराव्या दिवशी सकाळी बाई कामावर परतल्या. अंगावर सत्काराची शाल, पायात त्याच स्लिपर. त्या पालथ्या पाटीवर टेकतात न टेकतात तोच सरोजिनीबाई आल्या. यांचा हडपसरच्या गाडीतळाजवळ भाजीचा गाळा. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी पाटी धाडकन खाली ठेवली.

"मोज," त्या म्हणाल्या.

"काय झालं व माय?"

"काय व्हायचंय? नाव झालं न् शेकडा गेला. परवा घरी जाऊन मोजला, पंच्याण्णव. काल मोजला, पंच्याण्णव. वीस वर्षं मी मोजला नव्हता, चंद्रभागे. टीव्हीत जायचं तर जा बाई, पण माझ्या पाच जुड्या घेऊन कशाला?"

गाळ्यावरची चारसहा गिऱ्हाइकं थांबली. त्यातली दोघी पुटपुटल्या, आमच्याही कमीच. बजरंगचा चेहरा मातीचा झाला. "आईशप्पथ, तुमच्याच आवाजावर मोजल्या," तो म्हणाला.

बाईंनी शाल काढून माझ्या गादीवर टाकली. "लाव ते गानं," बजरंगला म्हणाल्या, आणि जुड्यांच्या ढिगासमोर बसल्या.

मोबाईल गाऊ लागला, बाई पाचुंदे टाकू लागल्या. स्वतःच्याच आवाजावर स्वतःचे हात. लाभाची पयली, दुसरी, तिसरी. एकोणिसावी, तराजूच्या काट्याले. बाईंनी विसावा पाचुंदा उचलला. मोबाईलमध्ये ढोलकी एकदा घुमली, आणि परत सुरू झालं: लाभाची व पयली.

बाईंचे हात हवेत तसेच राहिले. तीन इकडे, दोन तिकडे.

"विसावी कुठं गेली?" त्या म्हणाल्या.

बजरंगनं तीच रेकॉर्ड अकरा दिवस ऐकली होती. मी ऐकली होती. साऱ्या पुण्यानं ऐकली होती. एकालाही विसावी गेल्याचं कळलं नव्हतं. कळलं ते पाच जुड्यांना.

अभिनवला बोलावलं, तो ऑफिसातून दुपारी आला. रविवारच्या मॉलच्या कार्यक्रमाची टाचणं घेऊनच आला.

"काकू, ते लेंग्थचं होतं," तो म्हणाला. "साठ सेकंदांत बसवायचं असतं. काहीतरी ड्रॉप करावं लागतं."

"मंग तिसरी ड्रॉप करायची. नववी करायची. ईसावीच काहून?"

अभिनवनं माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.

"ॲक्च्युअली... मसालावाले म्हणाले, जरा न्यूट्रल ठेवू या. म्हणजे, मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाहीये, काकू. पण ऑडियन्स—"

"परसनली कोणालेच नसते बाप्पा," बाई म्हणाल्या. "सारा तरास त्या ऑडियन्सलेच असते. कुठं राहते तो, मले एकदा भेटव."

हिंमतराव गादीवरून म्हणाले, "चंद्रभागा, एक वळ न्हाय म्हटली तर काय आभाळ कोसळतंय का? पन्नास हजार हायेत. पोराच्या क्लासची फी भर. गप जा, व्हट हालीव, ये."

"मालक, ते वळ नाही. त्या पाच जुड्या हायेत." बाईंनी सरोजिनीबाईंच्या पाटीकडे बोट केलं. "माह्या बापाचं नाव काढलं, न् पयल्यांदा माह्या मापाले डाग पडला. तुमाले अजून काय सांगाव?"

"मग न्हाय म्हण. ॲडव्हान्स परत कर," हिंमतराव म्हणाले.

"परत कायले करू? जातो ना मी. हमखास जातो." मग माझ्याकडे वळल्या. "दिवाणजी, या अकरा दिसांत बजरंगनं किती शेकडे टाकले, कोनाले टाकले, समदं काढा."

वही माझी होती, नाही म्हणायला कारण नव्हतं. काढले. दोनशे चाळीस शेकडे, चौतीस गिऱ्हाइकं. दर शेकड्याला पाच कमी, म्हणजे बाराशे जुड्या. भाव त्या आठवड्यात पाचशे रुपये शेकडा. सहा हजार झाले. आगाऊ मिळालेले दहा हजार बाईंनी अजून मोडले नव्हते, कंबरेच्या पिशवीत होते. त्यातले सहा मोजून त्यांनी शनिवारच्या मालातून बाराशे जुड्या रोखीनं घेतल्या. हिंमतरावांनी पावती फाडली, आणि कामगार म्हणून दहा रुपयेही सोडले नाहीत.

जे गिऱ्हाईक येईल त्याला बाई सांगत होत्या, "रविवारी हडपसरले या, मॉलात. पिशवी घेऊन. तुमची बाकी हाये."

रविवारी यार्डातल्या सुखदेवच्या टेम्पोतून आम्ही बाराशे जुड्या मॉलच्या मागच्या दारानं आत घेतल्या. मसालावाले खूश. त्यांना वाटलं, सजावट. पुढच्या रांगेत पाहुण्यांसाठी पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या होत्या; त्यांवर चौतीस भाजीवाल्या येऊन बसल्या, मांडीवर घडी केलेल्या रिकाम्या पिशव्या. त्याचाही मसालावाल्यांनी फोटो काढला. 'आपला प्रेक्षक', असं कुणीतरी म्हणालं.

निवेदिकेनं नाव पुकारलं. बाईंच्या हातात माईक दिला. तो त्यांनी खाली ठेवला आणि मंचावर मांडी घालून बसल्या. धडधड सुरू झाली. बाईंचे ओठ हलेनात. हात मात्र चालू झाले. तीन इकडे, दोन तिकडे. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. चालतंय, असंच बसवलं असेल. एकोणिसावी संपली. ढोलकी घुमली. पुन्हा 'लाभाची' येणार, तेवढ्यात बाईंनी डावा हात वर केला आणि उघड्या गळ्यानं म्हटलं:

विसावी माही ओवी, भीमराया माह्या बापाले
शेकडा झाला पुरा, डाग नाही मापाले

पुढच्या रांगेत सरोजिनीबाई म्हणाल्या, "झाला. आता झाला."

निवेदिका हसत पुढे आली. "वा! तर आता आपण आपल्या पुढच्या—"

"थांब पोरी, अकरा शेकडे बाकी हायेत," बाई म्हणाल्या. "दिवाणजी, या वर. नावं वाचा."

मी आयुष्यात मंचावर चढलो नव्हतो. वही काखेत घेऊन चढलो. कुणीतरी माईक बंद केला होता, गाणंही बंद केलं. वाईट केलं, कारण आता त्या एवढ्या थंडगार मॉलमध्ये दुसरा आवाजच उरला नाही. मी नाव वाचायचो, "सरोजिनी, बावीस शेकडे, एकशेदहा जुड्या," आणि ती भाजीवाली पिशवी उघडून पुढे यायची. बाई मोजायच्या. ओवी मध्ये तुटली तर पुढच्या नावाला तिथूनच पुढे. मिनिटाचं गाणं पाऊण तास चाललं. वरच्या मजल्यांवरून लोक कठड्याला टेकून बघत होते. पहिल्या दहा मिनिटांनंतर त्यातले बरेचसे सिनेमाला गेले. काही थांबले. सातव्या-आठव्या विसावीला वरून दोनचार जणांनी ती ओवी बाईंबरोबर म्हटली, पुढच्या विसावीला जास्त जणांनी. कोण होते, कुठले होते, मला वर मान करून बघता आलं नाही. मी बेरीज सांभाळत होतो.

सुरक्षावाला दोनदा जवळ आला. दुसऱ्यांदा बाई न थांबता म्हणाल्या, "उचलतो का मले? उचल. पन चौदावा चालू हाये, ध्यानात ठेव, मंग तिथूनच धरीन." तो मागे झाला. जुड्या संपत आल्या तेव्हा शेवटची पाटी मंचाखालून वर द्यायला माणूस नव्हता. ती अभिनवनं दिली. त्यानं मोबाईल खिशात ठेवलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

बाराशेवी जुडी पडली. बाई उठल्या, पदर झटकला. मंचावर पानं सांडली होती ती वेचून कनवटीला लावली. चटणीला होतील म्हणाल्या.

मॉलमधला तो पाऊण तास ॲपवर आला की नाही? आला. बावीसशे लोकांनी पाहिला. फार लांब आहे, असं खाली लिहिलेलं होतं. त्याच आठवड्यात वडगावकडचा एक पंक्चरवाला सापडला, ट्यूबमधून हवा सोडत सुरात गातो. मसालावाले तिकडे गेले. बाईंना एक नोटीस आली, आगाऊ रक्कम परत करा. बाईंनी धम्मदीपकडून उत्तर लिहून घेतलं: 'सहा हजार वाटले, चार हजार आहेत. गाळ्यावर येऊन मोजून न्या. मोजणी आम्ही करू, वीस ओव्यांनी.' कुणी आलं नाही. फ्लेक्स उन्हानं फिका पडला. त्यात बाई आधी पुसल्या गेल्या, हिंमतराव थोडे दिवस टिकले.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, बाई पाटीवर होत्या. बजरंग शेजारी बसून वीस ओव्या पाठ करत होता, मोबाईलशिवाय. सरोजिनीबाई आल्या. "शेकडा तुझाच ना?" म्हणाल्या आणि न मोजता भरायला लागल्या.

हे सगळं निवल्यावर एका संध्याकाळी मी ती पट्टी काढली आणि कोरा रकाना भरला.

मसालावाले: दहा हजार, ते त्यांनी जाहिरातीत दाखवले, म्हणजे गेले नाहीत. अभिनव: एक रविवार, आणि त्याचं गाणं, त्यानं ते ॲपवरून काढलं, विसावी घालून परत टाकलं, आता ते फारसं कुणी बघत नाही. धम्मदीप: खिडकीजवळची खुर्ची. चाहते पांगल्यावर ती परत भिंतीकडे गेली. तो म्हणतो, भिंतीकडे अभ्यास बरा होतो. शेतकरी: काही नाही, उलट बाराशे जुड्यांचे जादा पैसे त्यांच्या घरी गेले, आणि निदान एका बायकोचं कौतुक झालं. भाजीवाल्या: काही नाही, फिटलं. चंद्रभागाबाई: मॉलचे उरलेले चाळीस हजार, वर्षभराचं तिखट-हळद, नवा मोबाईल आणि रोख सहा हजार.

राहिले हिंमतराव. त्या बाराशे न दिलेल्या जुड्यांवरही त्यांनी भाजीवाल्यांकडून आडत, म्हणजे आपली दलाली, घेतली होती, सहा टक्क्यांनी तीनशे साठ रुपये. मी दाखवून दिलं. "पट्टीवर शंभर लिवलंय, तर शंभरावर आडत बसती. पट्टी तूच लिवली," ते म्हणाले. तेही खरं.

तीनशे साठ मी त्यांच्या नावावर चढवले आणि दर महिन्याला पुढच्या पानावर ओढतो. बाईंना माहीत आहे. हिंमतराव गाळ्यावर आले की त्या विसावी ओवी जरा मोठ्यानं म्हणतात.